लेझरच्या आधी मला न विचारलेला प्रश्न

मी एसटीत कंडक्टर आहे, बुलडाणा डेपोला. दिवसभरात शेकडो माणसं माझ्या तोंडाकडे बघतात आणि त्यातली पाचसहा तरी विचारतात, "ताई, तोंडाले काय झालं व?" कोणी म्हणतं गॅस भडकला का, कोणी म्हणतं तेल उडालं का. एका म्हातारीने तर तिकीट घेता घेता माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "नवऱ्यानं टाकलं का माय काही?" मला नवराच नाही. मी सगळ्यांना एकच उत्तर देते, मी स्वतः जाऊन करून घेतलं. मग ते खिडकीबाहेर बघायला लागतात.

ती माणसं आपापल्या गावाला उतरून जातात. राग माझ्यापाशीच राहतो. तो शिळा व्हायच्या आत हे लिहून काढते आहे. ज्यांना चेहऱ्यावर लेझर करून घ्यायचं आहे त्यांनी घरी निवांत बसून वाचावं. मला असं काही वाचायला मिळालं नव्हतं, आणि ज्यांचं सांगायचं काम होतं त्यांनी तोंड उघडलं नाही.

चाळणी

अकरावी-बारावीत मला पुटकुळ्या यायच्या. मी त्या आरशापुढे उभी राहून फोडायची. आई ओरडायची, मी ऐकायची नाही. दोन्ही गालांवर खड्डे पडले ते पडलेच.

आमचं घर धाड गावात. सकाळच्या धाड–बुलडाणा गाडीत कॉलेजची पोरं असतात. मी चढले की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "चाळणी आली बे, पास काढा." मी काही ऐकून घेणारी बाई नाही. एकाला भर रस्त्यात उतरवायला निघाले होते, ड्रायव्हरने हात जोडले म्हणून वाचला तो. पण भांडून झाल्यावर पुढच्या सीटवर येऊन बसलं की हात आपोआप गालावर जायचा.

लोकांना वाटतं मी हे लग्नासाठी केलं. नाही केलं. बघायला आलेले दोघं-तिघं माझ्या गालाकडे बघून परत गेले हे खरं आहे, पण त्यांचा मला काडीचा राग नाही. मला माझं तोंड माझ्यासाठी बरं दिसायला पाहिजे होतं. त्यात काय चुकलं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

खामगावच्या एका लेझर सेंटरचं पत्रक माझ्याच गाडीत सीटच्या पाठीला चिकटवलेलं होतं. अर्ध्या तासात खड्डे गायब, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. महिनाभर ते पत्रक येता-जाता वाचलं. मग एका साप्ताहिक सुट्टीला गेले.

अर्धा तास

सेंटर दुसऱ्या मजल्यावर होतं. थंडगार हवा, पांढरे पडदे, पांढऱ्या कोटातला एक तरुण. त्याला सगळे "सर" म्हणत होते. तो कसला सर, हे मी विचारलं नाही. माझ्या गाडीत बिनातिकिटाचा माणूस मला वासावरून कळतो, आणि तिथे मी कोटाकडे बघून गप्प बसले.

समोर बसलेल्या मुलीने माझ्या गालाचे फोटो काढले. मग चार पानांचा फॉर्म पुढे सरकवला. "इथं, इथं आन शेवटी इथं सही करा ताई." फॉर्म इंग्रजीत होता. मी बीए झालेली आहे. मला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश, बोट ठेवून. त्या मुलीपुढे बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली. मी पानं नुसती उलटली, वाचल्यासारखं केलं आणि सह्या केल्या. ह्या लाजेइतका राग मला स्वतःच्या दुसऱ्या कशाचाच येत नाही.

तोंडाला बधिर करणारी क्रीम लावली. पाऊण तास मी तशीच बसून होते. डोळ्यांवर झाकणं ठेवली. मग मशीन सुरू झालं आणि तेलाचे बारीक शिंतोडे उडावेत तसं गालावर व्हायला लागलं. केस जळल्याचा वास आला. मशीन सर चालवतील असं सांगितलं होतं. आवाज मात्र त्या फॉर्मवाल्या मुलीचा येत होता. माझे डोळे झाकलेले. कोणाच्या हातात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

घरी जाताना एक ट्यूब दिली आणि सांगितलं, उन्हात जाऊ नका. मी म्हटलं, मी कंडक्टर आहे. ती मुलगी हसली आणि म्हणाली, स्कार्फ बांधा.

चौथा दिवस

पहिले तीन दिवस बरे गेले. तोंड लाल, सुजलेलं, वरून तपकिरी खपली धरायला लागलेली. आग होती पण रोज थोडी कमी होत होती. मी रजा टाकली होती. आई लांब उभी राहून बघायची आणि स्वयंपाकघरात जायची.

चौथ्या दिवशी सकाळी उठले तर ओठाच्या उजव्या कडेला फोडांचा पुंजका होता. हा मला ओळखीचा होता. दर उन्हाळ्यात एकदा, कधी जागरण झालं की, माझ्या ओठावर ताप फुटतो. आठ दिवस राहतो, जातो. पण ह्या वेळी दुपारपर्यंत तो गालावर चढला. जिथे जिथे लेझर फिरलं होतं तिथे तिथे फोड. बारीक, पाण्याने भरलेले, आणि आतून कोणी सुया टोचतंय असं दुखणं. अंगात कणकण भरली.

सेंटरला फोन केला. ती मुलगी म्हणाली, "नॉर्मल आहे ताई, बर्फ लावा." व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. बघितल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. परत फोन केला तर सर मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा केला तर कोणी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. एवढ्या वेळात खामगावला जाऊन त्यांच्या दारात बसता आलं असतं. मी बर्फ लावत बसले.

काव

आता ते सांगते जे सांगायला मला सगळ्यात जड जातं.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आमचं घर बौद्ध. देव्हारा नाही, अंगारा नाही, गंडादोरा नाही, भिंतीवर फोटो आहे तो बुद्धांचा. बाबा शाळेत मुलांना लिंबातून रक्त कसं काढतात ते करून दाखवायचे, सुरीला आधीच काय लावलेलं असतं ते सांगायचे. गावात कोणाच्या अंगात आलं की बाबा तिथे जाऊन वाद घालायचे. लहानपणी आम्हाला त्याची लाज वाटायची, मोठेपणी अभिमान.

पाचव्या दिवशी मावशी आली, आईची मोठी बहीण. तिने माझं तोंड बघितलं आणि दारातच थांबली. "बाई व, ही त नागीण हाये. गालावरून डोयाकडे चालली. तोंडाले शेपूट मिळालं त खेळ खलास."

आमच्याकडे अंगावर फोडांची रांग उठली की तिला नागीण म्हणतात. ती अंगाभोवती फिरते, तिचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस मरतो असं समजतात. ती उतरवणारे असतात. ते लाल काव, म्हणजे गेरू, आणि दुर्वांचा लेप लावून तिची वाट अडवतात.

आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "नागीण-फागीण काई नाही. हे तिचं उन्हाळ्यातलं ओठावरचं हाये, तेच मोठं झालं. मी दरसाल पायते."

आई चौथी शिकलेली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. फोड उजव्या डोळ्याच्या खाली आले होते, पापणी जड झाली होती. मला वाटलं आता हे मावशीला झाडणार. ते उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "जाऊन पाहू. नुसतं लावायचं तर आहे."

शेजारच्या खेड्यात एक म्हातारा होता. त्याने मला ओट्यावर बसवलं, काहीतरी पुटपुटला आणि माझ्या सोललेल्या गालावर, जिथे खरी कातडीच नव्हती, वाटीतली काव बोटाने फासली. डोळ्याच्या कडेला मोठी रेघ ओढली, ती नागिणीला वेस म्हणून. तोंड धुवायचं नाही, उद्या परत यायचं. मी दातावर दात धरून बसले. बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी माझा खांदा धरला होता.

दुसऱ्या दिवशीही गेलो. म्हाताऱ्याने एक रुपया घेतला नाही. त्याने त्याला येतं ते केलं. त्याच्यावर मला राग धरता येत नाही, आणि धरता येत नाही ह्याचाही मला राग येतो.

आईने धुतलं

सातव्या दिवशी सकाळी माझा उजवा डोळा उघडेना. काव सुकून तडकली होती आणि तिच्याखालून पाणी गळत होतं. बाबा म्हणाले, "आज तिसरा लेप. तिसऱ्याने उतरते म्हणतात."

आई पातेल्यात पाणी उकळून निवायला ठेवत होती. ती वळली. मी आईला बाबांवर आवाज चढवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मास्तर, जलमभर लोकायले शिकवलं तुमी. त्या भिंतीवरच्या फोटोसमोर तुमाले काव चालते? पोरीचा डोया गेला त तुमची बुकं काय कामाची?"

आई माझ्या समोर बसली, स्वच्छ फडकं भिजवलं आणि थेंब थेंब पाणी सोडत ती काव मऊ करून काढली. अर्धा तास लागला. मी ओरडत होते, ती थांबली नाही. मग ती लुगड्याला हात पुसून उठली आणि म्हणाली, "जीप सांगा. संभाजीनगरले जाऊ."

बाबा जीप सांगायला गेले. वाटेत ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

पहिला प्रश्न

मोठ्या दवाखान्यात चामडीच्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं, फोटो मागितले नाहीत, कडेला राहिलेली काव कुठून आली तेही तेव्हा विचारलं नाही. पहिलं वाक्य हे होतं: "तुम्हाला मधून मधून ओठावर ताप फुटतो का?"

मी म्हटलं, "दर उन्हाळ्यात."

"लेझर करण्याआधी हे त्यांना सांगितलं होतं?"

"त्यांनी विचारलंच नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी मला साध्या भाषेत सांगितलं. तो ताप म्हणजे एक विषाणू. एकदा अंगात शिरला की जात नाही, दडून बसतो, आणि लेझरने कातडी उघडी पडली की त्याला मोकळं रान मिळतं. ज्याला ओठावर ताप फुटतो त्याला लेझरच्या आधीपासून गोळ्या सुरू करतात. बरेच डॉक्टर तर कोणी नाही म्हटलं तरी सगळ्यांनाच देतात. "त्या गोळ्या घेतल्या असत्या तर बहुतेक तुम्ही आज इथे नसता."

मी आईकडे बघितलं. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने चुलीपाशी बसून जे ओळखलं होतं तेच मॅडम सांगत होत्या. आईच्या तोंडावर जिंकल्यासारखं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आता डोयाचं पहा मॅडम."

डोळ्याच्या डॉक्टरांनी पिवळ्या रंगाचा थेंब टाकला आणि निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं. बुबुळाच्या कडेला लागण पोचली होती. मध्यापर्यंत गेली तर नजर जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. किती दिवस लागतील, वाचेल का, ह्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मला भरती करून घेतलं.

त्या दिवसापर्यंत मी खड्ड्यांसाठी रडत होते. खड्डे कुठल्या कुठे राहिले. नजर गेली तर गाडीवरची नोकरी जाणार होती. पण नोकरीचाही विचार नंतर आला. आधी आला तो हा, की अर्ध्या तासाच्या कामासाठी मी माझा डोळा एका अनोळखी माणसाच्या हातात दिला.

वॉर्ड

वॉर्डात मी नऊ दिवस होते. सकाळी सलाइन, मग तोंडावर ओल्या पट्ट्या, मग डोळ्यात औषध, दोन तासांनी परत औषध. रोज अकरा वाजता निळा उजेड. त्या अकरा वाजण्यासाठी मी सकाळपासून दाराकडे बघत बसायची.

भेव काय असतं ते मला तिथे कळलं. घाटात ब्रेक लागत नाही म्हणून ड्रायव्हर पुटपुटला होता तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. मी सारखा डावा डोळा झाकून उजव्याने समोरचं घड्याळ वाचून बघायची. काटे धूसर दिसायचे. काल जास्त धूसर होते की आज, हे ठरवता यायचं नाही. मग आईला विचारायची, आणि ती म्हणायची, "मले काय माहीत बाई, डोया तुहा हाये."

एक नर्स होती, तिला माझं काम कळलं होतं. ती औषध टाकून जाताना म्हणायची, "कंडक्टर, पुढचा स्टॉप एक वाजता." मी पहिल्या दिवशी तिच्यावर खेकसले. तिसऱ्या दिवशी मीच म्हणायला लागले, "गाडी लेट आहे आज." हसलं की गाल फाटल्यासारखा दुखायचा, तरी हसायची.

बाबा रोज यायचे, धाडहून डबा घेऊन, दोन गाड्या बदलून. पलंगाच्या पायाशी बसायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. ते डबा उघडायचे, वाटी पुढे सरकवायचे, मी भिंतीकडे तोंड करायची. आई म्हणायची, "खाऊन घे, बापाशी भांडण मंग कर." मी जेवायची आणि भांडायचीही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवसांची काव माझ्या मनात तशीच सुकत होती.

सहाव्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "मागे सरकतंय." आई खाली बसली, तिथेच, फरशीवर. बाबा दाराबाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

डोळा वाचला. एका बाजूने थोडं धूसर दिसतं, पण दिसतं. गाल वाचला नाही. जिथे खड्डे होते तिथे आता खड्डेही आहेत, वळही आहेत आणि वर काळे डाग. मॅडम म्हणाल्या, डाग वर्षा-दोन वर्षांत फिके होतील, वळ थोडे राहतील.

खूण

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मी खामगावला गेले. माझ्या फॉर्मची प्रत मागितली. आधी नाही म्हणाले. मी त्यांच्या पांढऱ्या खुर्चीवर बसले, स्कार्फ सोडला आणि म्हटलं, बसते इथेच, येणाऱ्या माणसांना दिसेल. दहा मिनिटांत प्रत मिळाली.

भिंतीवर माझा गाल होता. "आधी" असं लिहून माझ्या खड्ड्यांचा फोटो, कानाखालच्या तिळासकट. शेजारी "नंतर" म्हणून कोणाचातरी गुळगुळीत गाल. मी तो कागद ओढून काढला आणि फाडून त्यांच्या टेबलावर ठेवला.

मग जिन्यात उभी राहून मी तो फॉर्म वाचला. बोट ठेवून, सावकाश, जसा तेव्हा वाचायला पाहिजे होता तसा. दुसऱ्या पानावर प्रश्न होते. आधी कुठली गोळी घेता का. जखम भरताना कातडी फुगते का. आणि पाचवा प्रश्न, ओठांवर कधी ताप फुटतो का. प्रश्न होता तिथे. छापलेला होता. त्याच्यापुढे "नाही" च्या चौकटीत खूण होती. सगळ्याच प्रश्नांपुढे "नाही" वर खुणा होत्या, एकाच पेनाने, एका झटक्यात वरून खाली केलेल्या. मी त्या केल्या नव्हत्या. मी पुढे बसायच्या आधीच कोणीतरी करून ठेवल्या होत्या.

मी कंडक्टर आहे. माणसाला कुठे जायचं ते विचारल्याशिवाय मी तिकीट काढत नाही. म्हातारा असो, प्यालेला असो, बहिरा असो, मी तीनदा विचारते. ते बारा रुपयांचं तिकीट असतं. आणि ह्या लोकांनी माझं तोंड जाळायला घेताना एक प्रश्न विचारला नाही.

वर जाऊन मी त्या मुलीला ते पान दाखवलं. ती म्हणाली, "ताई, आम्हाले सांगतलेलं आहे, खुणा अशाच करून ठेवायच्या. टाइम लागते नाही तर." आणि सर म्हणाले, "सही तुमची आहे." मी तक्रार दिली आहे. कागद फिरतो आहे. सेंटर काही दिवस बंद होतं, आता परत उघडलं आहे.

बाबा

पौर्णिमेला आमच्या विहारात सकाळी वंदना असते. त्या दिवशी वंदना झाल्यावर बाबा उभे राहिले. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "मी माझ्या मुलीला नागीण उतरवायला नेलं होतं. दोनदा. मी घाबरलो होतो. माझ्या बायकोला आजार कळला होता, मी तिच्याकडे, तुला काय समजतं, अशा नजरेने बघितलं. तुम्ही मला मास्तर म्हणता म्हणून सांगतो." आणि खाली बसले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला भडकायला झालं. माझ्या तोंडाचा ह्यांनी धडा केला, मला न विचारता. मी चप्पल घालून निघाले. बाबा मागून आले. बरंच अंतर आम्ही तसेच चाललो.

मग मी म्हटलं, "मले विचारायचं नाही का आधी, सगळ्यांसमोर सांगताना?"

बाबा थांबले. "चुकलं," म्हणाले.

दीड महिन्यात मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. राग गेला असं म्हणणार नाही. पण घरी पोचेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चालत होतो.

तुम्हाला सांगते

लेझर वाईट नाही. मॅडमच म्हणाल्या, चांगल्या हातात ते चांगलं काम करतं, आणि पुढेमागे माझे हे वळही कदाचित लेझरनेच कमी करतील. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पण मशीन कोणाच्या हातात असणार आहे ते विचारा. तो चामडीचा डॉक्टर आहे का, ते थेट त्याच्या तोंडावर विचारा, राग आला तर येऊ द्या. आपल्या सावळ्या कातडीवर लेझरने काळे डाग पडू शकतात हे जो आधी सांगत नाही त्याच्याकडे जाऊ नका. आधी छोट्याशा जागेवर करून बघायला सांगा. ओठावर ताप फुटतो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, जखमेवर कातडी फुगते का, हे कोणी विचारो न विचारो, तुम्ही सांगा. उन्हात काम असेल तर तेही सांगा, आणि स्कार्फ बांधा एवढंच उत्तर मिळालं तर उठून या.

फॉर्म घरी आणा. मराठीत समजावून घ्या. बोट ठेवून वाचा, लाजू नका, मी लाजले.

आणि आग रोज थोडी कमी व्हायला पाहिजे. ती वाढली, फोड आले, ताप आला, तर फोनवर कोणी काहीही म्हणो, त्याच दिवशी दवाखान्यात जा. काव, हळद, कोरफड, कोणाचाही हात, काही म्हणता काही लावू नका. घरात जी बाई तुम्हाला लहानपणापासून बघत आली आहे ती काही म्हणत असेल तर तिचं ऐका.

दुपारची गाडी

परवा माझी दुपारची खामगाव गाडी होती. बुलडाणा स्टँडवर एक मुलगी चढली, वीसेक वर्षांची, ओढणीने गाल झाकलेले. खिडकीपाशी बसली. मी पुढे गेले तर म्हणाली, "खामगाव एक." मग मोबाइल पुढे केला. "ताई, हे सेंटर स्टँडपासून लांब हाये काय?"

पत्ता मी ओळखला. ओढणी थोडी सरकली होती. तिच्या गालावर माझेच खड्डे होते, बारावीतले.

माझ्या हातात तिकिटाचं मशीन होतं. मी ते खाली केलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला असणार, कारण पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

"तुह्या ओठावर ताप फुटते का कधी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी डोळ्यांकडे, मग गालाकडे. तिचा हात आपोआप ओठावर गेला.

"हाव," ती म्हणाली. "परीक्षेच्या टायमाले दरवेळी फुटते. काऊन?"

"सरक तिकडे," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसले. तिकीट मी अजून काढलं नव्हतं.